एरोंका चँपचं मिक्श्चर फुल रिचला वायर करून ठेवलंय, पाच हजार फुटांवरच्या फील्डला हे ठीक आहे का?

लाँगमाँटकर

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत लाँगमाँटला राहतो आणि आम्ही चौघांनी भागीदारीत १९४६ चं एरोंका ७एसी चँप घेतलंय. इंजिन काँटिनेंटल ए-६५-८, म्हणजे ६५ हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटर स्ट्रॉमबर्ग एनए-एस३ए१. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, प्रॉप हाताने मारूनच सुरू करायचं. विमान आयोवाहून आलंय, तिथलं फील्ड फार तर हजारेक फुटांवर, त्यामुळे आधीच्या मालकाला कधी अडलं नसावं, पण आमचं फील्ड ५,०५५ फुटांवर आहे.

सकाळी गार हवेत विमान मस्त उडतं. दुपारी ३२ डिग्री झाले की मात्र टेकऑफला इंजिन दबल्यासारखं वाटतं, फुल थ्रॉटलला आवाज जड येतो, स्टॅटिक आरपीएम (विमान जागेवर उभं असताना फुल थ्रॉटलला मिळणारे) सकाळपेक्षा ६०-७० ने कमी, एक्झॉस्टच्या तोंडाशी सुकी काळी काजळी आणि खालचे प्लग वरचेवर साफ करावे लागतात. कार्बवर मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलायचा आर्म आहे पण तो सेफ्टी वायरने फुल रिचला, म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोल जाईल अशा जागी बांधलेला आहे, पॅनलवरची नॉब कुणीतरी कधीतरी काढून तिथे पट्टी मारलीये.

आमच्या भागीदारांत दोन मतं आहेत. एक म्हणतो ६५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला मिक्श्चर काय करायचंय, हात लावाल तर व्हॉल्व्ह जाळून बसाल. दुसरा म्हणतो केबल परत जोडू. आमचा ए अँड पी (विमानदुरुस्तीचा परवाना असलेला) मेकॅनिक जोडून द्यायला तयार आहे. तर विचारायचं असं की स्ट्रॉमबर्गचा हा कंट्रोल खरंच काही काम करतो का, कारण तो नुसता नावाला असतो असंही बरेच लोक सांगतात, आणि आमच्याकडे ईजीटी गेज (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) नाही तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, करायचं कशावरून?

घनता_आधी

लाँगमाँटकर, तुमच्या आकड्यांवरूनच बरंच काही कळतंय. ५,०५५ फूट आणि ३२ डिग्री म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड ८,३०० फुटांच्या आसपास गेली, म्हणजे तुमचं इंजिन धावपट्टीवर उभं असतानाच ८,३०० फुटांवरची हवा घेतंय. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७८ टक्के असते.

आता कार्ब्युरेटरला हवेचं वजन कळत नाही, त्याला फक्त व्हेंच्युरीतली, म्हणजे त्याच्या अरुंद गळ्यातली ओढ कळते. इंजिन तेवढ्याच आरपीएमला तेवढंच आकारमान खेचतं, घनता २२ टक्के कमी म्हणून हवेचं वजन २२ टक्के कमी, ओढही २२ टक्के कमी, पण जेटमधून येणारं पेट्रोल ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणजे ते घटतं जेमतेम १२ टक्के. हवा २२ ने घटली आणि पेट्रोल १२ ने, झालं मिक्श्चर १३ टक्के जास्त रिच, आणि मुळात फुल रिच सेटिंग समुद्रसपाटीलाच मुद्दाम थोडं रिच ठेवलेलं असतं, फुल पॉवरला इंजिन थंड राहावं म्हणून. त्याच्यावर हे १३ टक्के. सगळ्यात जास्त पॉवर साधारण १ किलो पेट्रोलला साडेबारा किलो हवा या प्रमाणाला मिळते, त्याच्यापेक्षा खूप रिच गेलं की पॉवर पडते, काजळी धरते, इंजिन जड आवाजात चालतं, तुम्ही लिहिलंय तसंच. आपल्याकडून कार्ब्युरेटरवाल्या बुलेट घेऊन लडाखला गेलेल्यांनी खारदुंगला हेच अनुभवलंय, फक्त त्यांना चालत्या गाडीत जेट बदलता येत नाही आणि तुमच्या कार्बला ती सोय १९४० च्या दशकातच दिलेली आहे.

आरपीएमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रॉप असला की हवा पातळ झाल्यावर इंजिनाची ताकद घटते खरी, पण त्याच हवेत प्रॉपला फिरायलाही सोपं जातं, त्यामुळे नुसत्या घनतेने स्टॅटिक आरपीएम फार पडायला नकोत. सकाळ आणि दुपार यांत माझ्या हिशोबाने फरक १०-१५ चा यायला हवा. तुमचे ६०-७० पडतायत म्हणजे घनतेपलीकडे काहीतरी खातंय, आणि काजळी बघता ते मिक्श्चरच.

पण एक अपेक्षा ठेवू नका. लीन केल्याने गेलेली हवा परत येत नाही. ८,३०० फुटांच्या हवेत मिक्श्चर अगदी बरोबर असलं तरी ६५ पैकी ४९-५० हॉर्सपॉवरच मिळणार. रिचमुळे त्यातले जे वाया जातायत तेवढेच वाचतील. दुपारी दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन निघायचं का, हा प्रश्न मिक्श्चर सोडवत नाही.

निवृत्त_एएमई

केबल जोडा, पण त्याआधी चार गोष्टी बघा. नाहीतर दुसराच दोष मिक्श्चरच्या लिव्हरने झाकला जाईल आणि तो पुढे त्रास देईल.

मी पुष्पक विमानावर काम केलंय. एचएएलचं पुष्पक १९५८ ला पहिल्यांदा उडालं, इंजिन काँटिनेंटल सी-९०, तुमच्या ए-६५ च्याच घरातलं थोरलं भावंड. आपल्याकडे उंची नाही पण ऊन आहे. नागपूरचं फील्ड हजार फुटांवर, मे महिन्यात ४५ डिग्रीला डेन्सिटी अल्टिट्यूड ४,९०० च्या घरात जाते, पुणे तर १,९०० फुटांवर असूनही ४० डिग्रीला पाच हजारांच्या वर. पाच हजार फुटांखाली मिक्श्चरला हात लावायचा नाही हा जुना नियम तोंडपाठ असलेले लोक उन्हाळ्यात काळे प्लग घेऊन यायचे. नियमातले पाच हजार हवेचे मोजायचे, आल्टिमीटरचे नाही.

आता बघायचं काय. पहिला प्रायमर, म्हणजे सुरू करताना इंजिनात पेट्रोल मारायचा हातपंप. हँड प्रायमरची ओ-रिंग गेलेली असली किंवा दट्ट्या नीट लॉक झालेला नसला की चालू इंजिन तिथून कच्चं पेट्रोल खेचत राहतं. इंजिनाकडची लाइन सोडून बघा ओल येते का. दुसरं कार्ब हीट, म्हणजे कार्बला बर्फ धरू नये म्हणून गरम हवा द्यायची सोय. एअर बॉक्समधला फ्लॅप झिजून पूर्ण बसत नसेल तर थोडी गरम हवा कायम आत जाते, गरम हवा पातळ, म्हणजे आणखी रिच. तुमच्याकडे दुपारी जास्त त्रास होतो त्यात याचाही हात असू शकतो. तिसरं फ्लोटची, म्हणजे कार्बच्या चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी. स्ट्रॉमबर्गमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या टोकाचं मटेरियल वेगवेगळ्या काळात वेगवेगळं आलंय आणि नीडल बदलताना पातळी परत मोजली नाही तर ती वर राहते, वर राहिली की सगळ्याच आरपीएमला रिच. मॅन्युअलमध्ये पातळी दिलीये, मेकॅनिकला ती मोजायलाच लावा, अंदाजावर सोडू नका.

चौथं आयडल. टॅक्सी करताना प्लग काळे होत असतील तर मिक्श्चरचा लिव्हर जोडून उपयोग नाही, कारण हा कंट्रोल आयडलला जवळजवळ काहीच करत नाही. आयडलचा स्क्रू आयोवाच्या हवेला लावलेला असणार, तो तुमच्या फील्डला, इंजिन गरम असताना परत लावून घ्या. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास इथेच जाईल.

प्लगबद्दल अजून एक. ए-६५ हे ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं इंजिन. जुन्या ८०/८७ पेट्रोलमध्ये लेड (शिसं) लिटरला जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम, आज मिळणाऱ्या १००एलएल मध्ये ०.५६ पर्यंत, चौपट. नावात लो लेड आहे म्हणून फसू नका, ते त्याच्या आधीच्या हिरव्या १०० च्या मानाने लो. रिच आणि थंड चाललेल्या इंजिनात हे लेड जळून बाहेर पडत नाही, खालच्या प्लगच्या खोबणीत बारीक करडे मणी होऊन बसतं आणि काजळीत मिसळून इन्सुलेटरला चिकटतं. प्लग काढल्यावर नुसतं काळं आहे की मणी आहेत ते बघा. नुसतं काळं भुकटीसारखं असेल तर रिच, मणी असतील तर लेड, दोन्ही असेल तर दोन्ही.

मिनेसोटा_कब

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्याकडे जे-३ कब आहे, तेच इंजिन, तोच कार्ब, आणि त्यावर मिक्श्चर कंट्रोलच्या जागी कोरी प्लेट आहे, म्हणजे कंट्रोलच नाही. अशी हजारो विमानं आयुष्यभर उडाली. आमचं फील्ड ९०० फुटांवर, मी क्वचित ३,००० च्या वर जातो, मला काही फरक पडत नाही.

माझी काळजी दुसरीच आहे. तुमचं विमान चौघांचं. एकाने ९,००० फुटांवर लीन केलं, खाली येताना रिच करायला विसरला, आणि गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाताना, फुल थ्रॉटल दिला की इंजिन खोकणार, तेही जमिनीजवळ. नॉब नसली तर हा प्रसंगच येत नाही. आणि या काँटिनेंटलला कार्ब आइस, म्हणजे कार्बमध्ये बर्फ, फार लवकर धरतो. लायकमिंगमध्ये कार्ब तेलाच्या सम्पला चिकटलेला असतो म्हणून ऊब मिळते, आपला नुसता हवेत लटकलेला. बर्फ धरला तरी इंजिन रफ चालतं, मिक्श्चर बिघडलं तरी रफ, नवखा माणूस नेमकी चुकीची नॉब ओढेल.

मॉथप्रेमी

मिनेसोटाकर म्हणतात ती विसरण्याची भीती ब्रिटिशांनीही ओळखली होती. टायगर मॉथ या त्यांच्या जुन्या विमानात थ्रॉटल आणि मिक्श्चरचे लिव्हर शेजारी शेजारी, आणि त्यांची जोडणी अशी की थ्रॉटल बंद करायला मागे ओढला की तो मिक्श्चरच्या लिव्हरलाही बरोबर मागे, रिचला घेऊन येतो. म्हणजे पायलट विसरला तरी उतरताना मिक्श्चर आपोआप रिच. फार सुंदर सोय आहे ही, मला आजही त्याचं कौतुक वाटतं. पण त्यामुळे तिथे मागे म्हणजे रिच आणि पुढे म्हणजे वीक (लीन), अमेरिकन विमानांच्या बरोब्बर उलट. दोन्ही उडवणाऱ्याने सवयीवर हात टाकू नये.

आपल्याकडच्या जुन्या क्लबांतून अशी विमानं खूप होती. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथ, आणि पन्नास वर्षांनी १९८२ मध्ये तोच प्रवास परत केला तो लेपर्ड मॉथमधून, त्यात जिप्सी मेजर इंजिन. वयाच्या ७८ व्या वर्षी एकट्याने. ज्यांना या जुन्या इंजिनांबद्दल प्रेम आहे त्यांनी मिक्श्चरला अडगळ म्हणू नये एवढंच मला वाटतं, त्या काळच्या इंजिनियरांनी त्यावर खूप डोकं लावलंय.

सांता_फे_टेलड्रॅगर

मी न्यू मेक्सिकोत सांता फेहून उडतो, फील्ड ६,३०० फुटांच्या थोडं वर, चँपच, आणि मी शिकवतोही. मिनेसोटाकरांचं म्हणणं ९०० फुटांवर शंभर टक्के खरं आहे, तिथे मीही प्लेटच ठेवली असती. पण लाँगमाँटला रिचला बांधून ठेवणं म्हणजे रोज दुपारी आहे त्या पन्नास हॉर्सपॉवरमधले काही स्वतःहून सोडून देणं, आणि चँपकडे सोडायला काही शिल्लक नसतं. माझ्यासाठी टेकऑफची ताकद हा सुरक्षिततेचा पहिला मुद्दा आहे, विसराळूपणावर चेकलिस्ट हा उपाय आहे.

व्हॉल्व्ह जळण्याची भीती तुमच्या भागीदाराने मनातून काढावी. लीन करून इंजिनाचं नुकसान होतं ते ७५ टक्क्यांच्या वर पॉवर असताना. आठ हजारांच्या हवेत हे इंजिन फुल थ्रॉटललाही ७५ च्या वर जाऊच शकत नाही. समुद्रसपाटीला फुल पॉवरला लीन करणं वेगळं, ते करू नकाच.

ईजीटी लागत नाही, टॅक (आरपीएमचा काटा) आणि कान पुरे. टेकऑफच्या आधी शेपूट बांधून किंवा ब्रेकवर विश्वास असेल तर तसं, मागे कुणी नाही बघून, कार्ब हीट बंद, फुल थ्रॉटल. मग मिक्श्चर थोडं ओढायचं आणि थांबायचं, दोन-तीन सेकंद, परत थोडं. आरपीएम चढायला लागतील, आवाजातला जडपणा जातो आणि तो मोकळा होतो, हे एकदा ऐकलं की परत विचारावं लागत नाही. एका जागी आरपीएम चढायचे थांबतात, अजून ओढलं की पडायला लागतात. तिथून परत रिचकडे, सगळ्यात वरच्या आकड्याच्या किंचित रिच बाजूला ठेवायचं आणि निघायचं. आरपीएम अजिबात चढलेच नाहीत तर याचा अर्थ तुमचं मिक्श्चर आधीच ठीक आहे किंवा कंट्रोल झिजलाय, जबरदस्ती करू नका, फुल रिच करून हँगरला या.

क्रूझला तसंच, थ्रॉटल लावून घ्या, २,१५० च्या आसपास, आणि त्याच पद्धतीने. उतरायला लागलात की दर हजार-दीड हजार फुटांना थोडं आत, म्हणजे रिचकडे. आम्ही पॅटर्नमध्ये (उतरण्याआधीच्या फील्डभोवतीच्या फेऱ्यात) शिरताना कार्ब हीट आणि मिक्श्चर हे दोन्ही एका दमात, मोठ्याने म्हणून करतो. तुमच्या फील्डला पॅटर्नमध्ये मिक्श्चर पूर्ण आत नको, टेकऑफला जे सेटिंग मिळालं होतं तिथे ठेवा, नाहीतर गो-अराउंडला तेच जड इंजिन मिळेल. नॉबच्या दांड्यावर रंगाची एक बारीक खूण करून घ्या, पण ती खूण फक्त सुरुवात कुठून करायची एवढ्यासाठी, दिवस बदलला की जागा बदलते.

आणि रफ चाललं की आधी कार्ब हीट, पूर्ण. नेहमी. बर्फ असेल तर आधी अजून रफ होईल आणि मग साफ होईल, मध्येच घाबरून बंद करू नका. कार्ब हीट लावून ठेवायची असेल तर मिक्श्चर परत थोडं लीन करावं लागतं कारण गरम हवेने ते रिच होतं.

लाँगमाँटकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. निवृत्त_एएमई काका, तुम्ही सांगितलेलं मेकॅनिकबरोबर बघितलं. प्रायमर कोरडा आहे. कार्ब हीटचा फ्लॅप मात्र एका बाजूने बसत नाही, हातात धरून उजेडाकडे केलं तर फट दिसते. प्लगमध्ये काजळी भरपूर, मणी दोन प्लगमध्येच. फ्लोटची पातळी कार्ब उतरवल्यावर मोजणार. फ्लॅप आणि आयडल आधी, मग केबल, असं ठरवलंय आणि ज्याचा विरोध होता तो भागीदारही ७५ टक्क्यांचं गणित वाचून तयार झाला.

एक प्रश्न राहिला. नॉब जोडल्यावर इंजिन बंद करताना मिक्श्चर पूर्ण ओढून बंद करता येईल ना? मी सेसना १५० वर शिकलो, तिथे तसंच करायचो, आणि हाताने प्रॉप मारायच्या विमानात सिलिंडरमध्ये पेट्रोल उरू नये असं मला फार वाटतं.

निवृत्त_एएमई

नाही येणार, आणि हे चौघांनाही नीट समजावून सांगा.

सेसना १५० च्या ओ-२०० वर मार्व्हल-शेबलर कार्ब असतो, त्यात मिक्श्चरचा व्हॉल्व्ह जेटकडे जाणारं पेट्रोलच अडवतो, पूर्ण ओढलं की पेट्रोल बंद, इंजिन बंद. स्ट्रॉमबर्ग पेट्रोलच्या वाटेत येतच नाही. त्यात फ्लोट चेंबरच्या वरच्या हवेचा खेळ आहे. एकावर एक बसणाऱ्या दोन चकत्या असतात, एक स्थिर, एक तुमच्या आर्मबरोबर फिरणारी, दोन्हींना भोकं. फुल रिचला भोकं समोरासमोर येतात आणि चेंबरला बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब मिळतो. लीनकडे फिरवलं की ही वाट अरुंद होते आणि व्हेंच्युरीकडची ओढ चेंबरवर चढते, चेंबरचा दाब उतरतो, पेट्रोलला ढकलणारा जोर कमी होतो, पेट्रोल कमी येतं. सगळा जोर व्हेंच्युरीच्या ओढीवर. आयडलला व्हेंच्युरीत ओढच नसते, म्हणून तिथे हा लिव्हर कुठेही ठेवा, इंजिन चालूच राहतं. लोक कंट्रोल नावाला आहे म्हणतात ते यामुळेच, जमिनीवर आयडलला ओढून बघतात, काही होत नाही आणि निकाल देऊन मोकळे होतात. दुसरं कारण म्हणजे त्या चकत्या झिजून गळतात. कार्ब उतरवणारच आहात तर त्या चकत्यांचे चेहरे बघून घ्या, चरे पडले असतील तर लीन करणं बेभरवशाचं होईल.

म्हणून तुमचं इंजिन बंद होणार ते मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या, स्विचनेच. स्विच बंद केल्यावर सिलिंडरमध्ये पेट्रोल उरतंच, आणि मॅग्नेटोची ठिणगी थांबवणारी ग्राउंडची वायर कुठे तुटलेली असली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत, प्रॉपला नुसता धक्का लागला तरी सिलिंडर पेटू शकतो. बंद करण्याआधी आयडलला क्षणभर स्विच ऑफ करून इंजिन मरायला लागतंय का ते बघायचं आणि लगेच परत ऑन. मरायला लागलं नाही तर एक मॅग्नेटो तरी ग्राउंड होत नाहीये, विमान तिथेच थांबवा. हँगरमध्ये ठेवायचं असेल त्या दिवशी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन कोरडं होऊन थांबू द्या, फ्लोट चेंबर रिकामा व्हायला वेळ लागतो, घाई करू नका. आणि प्रॉप कधीही हलवायचा तो चाकांना चोक (अडणी) लावून, कॉकपिटमध्ये माहितगार माणूस बसवून, स्विच काहीही असो तो चालू आहे असं धरूनच.

केबल जोडून झाली की मेकॅनिककडून लॉगबुकात नोंद करून घ्या. एक गोष्ट केबल लावतानाच बघा, कॉकपिटमधली नॉब पूर्ण आत गेल्यावर कार्बवरचा आर्म खरोखर रिचच्या टोकाला टेकतो का. नॉब आत आणि आर्म अर्ध्यावर असं बऱ्याच वेळा होतं. केबल तुटली तर आर्म थरथरून लीनकडे सरकू नये म्हणून त्याला रिचकडे ओढणारी स्प्रिंग तुमच्या विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगात आहे का ते मेकॅनिकला शोधायला सांगा. तोवर आहे ती सेफ्टी वायर काढू नका.